रिकाम्या इमारती: कर लावावा, तात्पुरत्या वापराला द्याव्यात की रूपांतर करावं?

शहरातली एखादी धडधाकट इमारत वर्षानुवर्षं कुलूपबंद राहिली की दोन सूचना हमखास पुढे येतात. एक, मालकावर जबर कर लावा. दुसरी, तोवर ती जागा संस्थांना, कलाकारांना, छोट्या व्यावसायिकांना वापरू द्या. पालिकेच्या बैठकीत असो की नागरिकांच्या निवेदनात, या दोन सूचनांवरून गट पडतात. खरं तर ती वेगवेगळ्या दुखण्यांवरची औषधं आहेत. त्यामुळे निवड करायला बसण्याआधी ती जागा रिकामी का आहे, याचा शोध घ्यावा.

कारणं साधारण चार असतात. मालक भाव वाढायची वाट पाहत असतो. किंवा भाडेकरूच मिळत नसतो. किंवा जागा ज्या कामासाठी बांधली ते कामच आटलेलं असतं. किंवा मालक नक्की कोण हेच ठरलेलं नसतं, कारण वारस दहा ठिकाणी पांगलेले असतात. कर नीट लागू पडतो तो यातल्या पहिल्या कारणाला. बाकी तिन्ही ठिकाणी त्याने पालिकेचा महसूल वाढेलही, पण कुलूप उघडेलच असं नाही.

कर: घरांना चालतो, दुकानांना गळका ठरतो

जिथे घरांना मागणी भरपूर आहे तिथे कराचा परिणाम दिसतो, याला चांगला पुरावा आहे. फ्रान्समध्ये दोन लाखांहून जास्त लोकवस्तीच्या नागरी भागांत १९९९ पासून रिकाम्या घरांवर कर लागू झाला. या करामुळे १९९७ ते २००१ या काळात रिकाम्या घरांचं प्रमाण १३ टक्क्यांनी घटलं, आणि त्यातली बहुतेक घरं कुणाची तरी कायमची राहती घरं झाली, असं पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं.

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने २०१७ मध्ये हाच मार्ग धरला. वर्षातून सहा महिन्यांहून जास्त काळ घर रिकामं राहिलं तर त्याच्या मूल्याच्या १ टक्का कर. पुढे हा दर ३ टक्क्यांवर गेला. मला यातला दर फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाची आहे ती घोषणापत्राची अट. तिथे प्रत्येक घरमालकाला, स्वतः त्या घरात राहत असला तरी, दर वर्षी घर वापरात आहे की नाही हे लिहून द्यावं लागतं. जो देत नाही त्याचं घर रिकामं धरलं जातं. रिकामी घरं शोधत फिरण्याचं काम पालिकेवर पडत नाही आणि शहराला यादी आपोआप मिळते. कराचा प्रस्ताव मांडणार असाल तर हे कलम त्यात असायलाच हवं.

दुकानं, गोदामं आणि कार्यालयांचं गणित मात्र वेगळं. इंग्लंडमध्ये २००८ पासून रिकाम्या व्यावसायिक जागेला साधारण तीन महिन्यांच्या सवलतीनंतर पूर्ण कर लागू लागला. पण मध्ये सहा आठवडे जागा वापरात दाखवली की सवलत पुन्हा सुरू व्हायची. मग काय, वापर दाखवण्याचाच धंदा निघाला. २०१२ मध्ये एक प्रकरण न्यायालयात गेलं. एका अवाढव्य गोदामात कागदपत्रांचे थोडे गठ्ठे ठेवले होते, त्यांनी व्यापलेली जागा होती एकूण क्षेत्रफळाच्या जेमतेम ०.२ टक्का. न्यायालयाने तो वापर ग्राह्य धरला. सहा आठवड्यांची मुदत तेरा आठवड्यांवर नेली गेली ती थेट २०२४ मध्ये! घरात कोणी राहतं की नाही हे शेजाऱ्यांनाही कळतं, पण गोदाम ‘वापरात’ कधी म्हणायचं हे ठरवणं वकिलांच्या हाती जातं.

तात्पुरता वापर: मालक हो का म्हणतो?

भाडेकरू मिळत नसलेल्या जागांसाठी हा पर्याय करापेक्षा कितीतरी उजवा आहे. अडचण पैशांची कमी आणि भीतीची जास्त असते. एकदा आत घेतलेला माणूस बाहेर निघेल का, ही मालकाची भीती. ती घालवल्याशिवाय नुसत्या आवाहनाने कोणी किल्ली देत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात २००८ मध्ये मुख्य रस्त्यांवरच्या सुमारे १५० इमारती रिकाम्या होत्या. तिथे सुरू झालेल्या ‘रिन्यू न्यूकॅसल’ या संस्थेने भाडेकरार करणंच टाळलं. मालकाशी फक्त वापर-परवान्याचा करार केला, तीस-तीस दिवसांनी पुढे सरकणारा. खरा भाडेकरू आला की महिन्याभरात जागा मोकळी. भाडेकरूचे हक्क निर्माण होत नाहीत म्हटल्यावर मालक तयार झाले. कायदा बदलावा लागला नाही, अनुदानाची वाट पाहावी लागली नाही.

जर्मनीतल्या लाइप्झिगची गोष्ट उलट टोकाची. १९९० नंतर लोक शहर सोडून गेले आणि २००० च्या सुमारास तिथे साठ हजारांच्या आसपास घरं ओस पडली. २००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘हाउसहाल्टेन’ संस्थेने तिथे ‘राखणदार घरं’ ही कल्पना आणली. वापरणाऱ्याने साधारण पाच वर्षांसाठी जागा घ्यायची, भाडं नाही, फक्त चालू खर्च भरायचा आणि डागडुजी करायची. मालकाला एवढंच मिळत होतं की इमारत टिकत होती. तेही थोडं नाही. माणसं वावरत असलेल्या घरात छत गळू लागलं की त्याच दिवशी कळतं. बंद घरात ते तुळई कुजल्यावर कळतं.

तीस दिवस आणि पाच वर्षं यांतला फरक निवड करताना नीट पाहावा. तीस दिवसांच्या भरवशावर कोणी भिंतीला रंग देईल, वायरिंग बदलणार नाही. इमारत चांगल्या स्थितीत असेल तर छोटी मुदत पुरते. मोडकळीला येत असेल तर लांब मुदत द्यावीच लागते. आणि दोन्हीकडे विमा, वीज आणि आगीपासूनची सुरक्षितता सांभाळणारी मधली संस्था लागते. तिचा खर्च अंदाजपत्रकात धरला नाही तर योजना पहिल्याच तक्रारीत बंद पडते.

राहण्यासाठी हा मार्ग वापरण्याबाबत मी साशंक आहे. नेदरलँड्समध्ये रिकाम्या इमारतींत ‘राखणदार’ म्हणून स्वस्तात माणसं ठेवायची पद्धत रुळली आहे, पण त्यांना भाडेकरूचं संरक्षण फारच तोकडं मिळतं. पॅरिसमध्ये सेंट व्हिन्सेंट द पॉल या बंद रुग्णालयाच्या ३.४ हेक्टर आवारात २०१५ ते २०२० या काळात सुमारे सहाशे लोकांना निवारा मिळाला, शेजारी कार्यशाळा आणि छोटे व्यवसायही होते. तिथे नवी वस्ती उभी राहणार हे ठरलेलं होतं आणि निवाऱ्याची जबाबदारी अनुभवी संस्थेकडे होती. या दोन गोष्टी नसतील तर त्या जागेत कार्यशाळा, वाचनालय, दुकान काढावं. माणसाचं बिऱ्हाड ठेवू नये.

रूपांतर: आधी टेप लावून मोजा

काम आटलेल्या कार्यालयांची घरं करायची कल्पना ऐकायला फार छान वाटते. न्यूयॉर्कच्या लोअर मॅनहॅटनमध्ये १९९५ पासून करसवलत देऊन अशी सुमारे तेरा हजार घरं झाली. जुन्या कार्यालयांना याचा फायदा होतो, कारण ती बांधली तेव्हा उजेड आणि वारा खिडकीतूनच यायचा. पुढच्या काळातल्या वातानुकूलित इमारतींचे मजले खोल असतात. मधल्या खोल्यांना खिडकीच मिळत नाही आणि नळ-सांडपाण्याच्या उभ्या वाहिन्या एकाच ठिकाणी, लिफ्ट-जिन्याच्या गाभ्याजवळ असतात.

इंग्लंडने २०१३ पासून अशा बदलाला नियोजनाची पूर्ण परवानगी घेण्यातून मोकळीक दिली. २०२० च्या अभ्यासात, या सवलतीतून झालेल्या घरांपैकी जेमतेम २२ टक्के घरं किमान क्षेत्रफळाच्या राष्ट्रीय निकषात बसत होती. रीतसर परवानगीतून झालेल्या घरांत हेच प्रमाण ७३ टक्के होतं. म्हणजे सवलत द्या, पण उजेड आणि क्षेत्रफळाची अट सोडू नका.

वारस, सक्ती आणि मागणीच नसलेली शहरं

जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. एक कारण करातच होतं. जमिनीवर घर उभं असेल तर छोट्या भूखंडाचं करपात्र मूल्य एक षष्ठांश धरलं जायचं, म्हणून पडकं घरही कोणी पाडत नसे. २०१५ पासून धोकादायक रिकाम्या घरांची ही सवलत काढता येऊ लागली, आणि एप्रिल २०२४ पासून वारसनोंद सक्तीची झाली. नवा कर सुचवण्याआधी आपलीच करपद्धत जागा रिकामी ठेवणं स्वस्त करते आहे का, हे तपासून घ्यावं.

सक्तीने ताबा घेण्याचे कायदे कागदावर दणकट असतात. इंग्लंडमध्ये रिकामी घरं पालिकेने व्यवस्थापनाला घेण्याची तरतूद २००६ पासून आहे, वापर अगदी विरळा. डिसेंबर २०२४ पासून तिथे दोन वर्षांत ३६५ दिवस बंद राहिलेल्या दुकानाचा एक ते पाच वर्षांचा भाडेहक्क पालिका लिलावात काढू शकते. धाक म्हणून हे हाताशी असावं, त्यावर योजना बेतू नये. अमेरिकेतल्या फ्लिंटसारख्या, निम्म्याहून जास्त लोकसंख्या गमावलेल्या शहरात तर यातलं काहीच पुरत नाही. तिथे जमीन-बँकेने, म्हणजे ओस मालमत्तांची व्यवस्था लावणाऱ्या सार्वजनिक संस्थेने, करथकीत मालमत्ता ताब्यात घेऊन काही विकणं, काही पाडून शेजाऱ्याला अंगणासाठी देणं हेच शहाणपणाचं.

हाती थोडा पैसा आणि वर्षभराचाच वेळ असेल तर मी कराच्या मसुद्याला हात लावणार नाही. पालिकेच्या स्वतःच्या बंद शाळा, जुनी कार्यालयं, रिकामे गाळे यांची यादी करून त्यातल्या सुस्थितीतल्या जागा आधी परवान्यावर देईन. तिथे मालकाचं मन वळवावं लागत नाही, न्यायालयात जावं लागत नाही, आणि खासगी मालकांना दाखवायला तयार करारनामा हातात येतो.