सीआरटी गेला, बादली दिसली: २७ इंची मॉनिटरचे आठ महिने

आधीच कबूल करते, सीआरटी, म्हणजे काचेच्या ट्यूबचा जुना जाडजूड मॉनिटर, ज्यावर मी इतकी वर्षं फोटो एडिट करत होते, तो मी आपणहून सोडला नाही. जुना कॉम्प्युटर एका सकाळी उठलाच नाही. नवा आला तेव्हा त्याच्या ग्राफिक्स कार्डाच्या मागे व्हीजीएचं, म्हणजे सीआरटीच्या जुन्या केबलचं, भोकच नव्हतं. हाताशी एक कन्व्हर्टर होता तो लावून बघितला, पण तो १६०० बाय १२०० ला ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र उमटवण्याच्या, वर जायला तयार नाही. ज्यांनी ६० हर्ट्झवर सीआरटी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको: समोर पांढरी फाईल उघडली की कुणीतरी दिव्यापुढे पंखा लावल्यासारखं वाटतं. मला ८५ ची सवय. दोन दिवस डोकं धरून बसले आणि मग फ्लॅट पॅनेल मागवलं.

गेलेला गडी २१ इंची होता. २१ म्हणायचं, प्रत्यक्ष दिसणारी काच २० इंचांच्या आसपास. वजन ३० किलोच्या घरात. ट्यूब अ‍ॅपर्चर ग्रिलवाली, म्हणजे १९६८ मध्ये सोनीने ट्रिनिट्रॉनमध्ये आणलेली ती उभ्या बारीक तारांची पद्धत. त्या तारा थरथरू नयेत म्हणून आडव्या दोन तारा ताणलेल्या असतात आणि त्यांच्या केसाएवढ्या सावल्या पडद्यावर कायम दिसतात. निरभ्र आकाशाच्या फोटोत त्या दोन रेघा इतकी वर्षं मी बघून न बघितल्यासारखं करत आले.

नवा मॉनिटर २७ इंची, आयपीएस (एलसीडीचाच एक प्रकार), २५६० बाय १४४० पिक्सेलचा, अ‍ॅडोबी आरजीबीचा, म्हणजे नेहमीपेक्षा रुंद असलेला रंगांचा, जवळजवळ सगळा पल्ला दाखवतो म्हणणारा. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. पुढचं बहुतेक सगळं या जातीच्या कुठल्याही पॅनेलला लागू आहे.

पहिला दिवस वाईट गेला. डब्यात आलेली एचडीएमआय केबल लावली, फोटो उघडला, आणि काळा रंग राखेसारखा. सगळा फोटो धुऊन वाळत घातल्यासारखा फिका. “याच्यासाठी सीआरटी टाकला?” असं मोठ्याने म्हणाले, घरात कुणी नसताना. कार्डाने मॉनिटरला टीव्ही समजून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या ० ते २५५ पायऱ्यांऐवजी १६ ते २३५ एवढाच पल्ला पाठवला होता. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ‘फुल’ निवडलं आणि काळा परत काळा झाला. नंतर डिस्प्लेपोर्टची केबल लावून हा विषयच संपवला. तुमचाही नवा मॉनिटर पहिल्या दिवशी फिका वाटला तर परत पाठवण्याआधी एवढं बघा.

दुसरी ठेच उजेडाची, आणि ती जास्त महाग पडली. ही पॅनेलं कारखान्यातून येतात ती डोळे दिपवायलाच. माझं ३०० कँडेलाच्या (हे पडद्याच्या उजेडाचं माप) वर होतं. सीआरटी बिचारा कसाबसा ८० देत होता. ३०० च्या पडद्यावर बसून मी एका घरगुती समारंभाचे फोटो केले, आणि साहजिकच सगळे गडद करत गेले, कारण पडद्यावर ते झगझगीत दिसत होते. प्रिंट आल्या त्या संध्याकाळी सातला काढल्यासारख्या. लॅबवाल्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, फाईलच काळी आहे. आमच्याकडे सगळ्यांच्या अशाच येतात.” त्याचं बरोबर होतं. उजेड १०० कँडेलावर आणला (माझ्या मॉनिटरवर तो आकडा १०० पैकी १९ आहे, यावरून कारखान्याची हौस कळावी). मग प्रिंट जुळायला लागल्या. पहिले तीन दिवस पडदा मेल्यासारखा वाटतो. चौथ्या दिवशी डोळे बसतात.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

माझ्याकडे एका काळ्या कुत्र्याचा फोटो आहे. रात्रीचा, दाराच्या उंबऱ्यावर बसलेला, वरून एका बल्बचा उजेड, मागे मिट्ट काळोख. माझा लाडका फोटो. सीआरटीवर तो काळोख मखमलीसारखा दिसायचा आणि त्यातून कुत्र्याच्या पाठीची एक सोनेरी कड निघायची. पाच-सहा वर्षांपूर्वी भाच्याला पाठवला होता. त्याने फोनवर बघून लिहिलं, “मावशी, भारी आहे. मागची बादली तरी काढायचीस.” मला वाटलं चेष्टा करतोय. मी हसण्यावारी नेलं.

नव्या मॉनिटरवर तो फोटो उघडला आणि मागे बादली होती. निळी प्लॅस्टिकची, कान तुटलेली. शेजारी भिंतीला टेकवलेला खराटा. इतकी वर्षं फोटोत होती, प्रत्येकाच्या फोनवर दिसत होती, फक्त मला दिसत नव्हती. सीआरटीचा ब्राइटनेसचा खटका मी काळोख छान दिसावा म्हणून जरा खालीच ठेवलेला असायचा, आणि त्यात सावल्यांच्या तळाच्या पंधरा-वीस पायऱ्या एकात एक मिसळून जायच्या. लॅबच्या कागदावरही त्या तशाच बुडायच्या, म्हणून प्रिंट बघून कधी शंका आली नाही.

त्या दिवशी जुने फोटो एकेक करत उघडत गेले, जेवायचं विसरून. सावल्यांत बादल्या निघतच होत्या. कुठे वायरी, कुठे कुणाचा अर्धा पाय, आणि जिथे काही नव्हतं तिथे दाणेदार नॉइज. सीआरटीवर इलेक्ट्रॉनचा ठिपका कडेला थोडा सांडतो, त्यामुळे बारीक दाणे आपोआप विरघळतात. मी समजत होते माझा कॅमेरा आयएसओ १६०० ला स्वच्छ आहे. स्वच्छ माझी ट्यूब करत होती.

शार्पनिंगचं तर बोलायलाच नको. तोच सांडलेला ठिपका फोटो जरा मऊ दाखवायचा, म्हणून मी अनशार्प मास्कची (कडा धारदार करणाऱ्या फिल्टरची) मात्रा १५० वर नेऊन ठेवायचे आणि वर ‘छान कुरकुरीत’ असं स्वतःलाच म्हणायचे. नव्या पडद्यावर पिक्सेल म्हणजे कापलेला चौकोन, सांडणं नाही. आईच्या एका फोटोत तिच्या पांढऱ्या केसांच्या प्रत्येक बटेभोवती दुसरी पांढरी रेघ दिसली, जशी कुणी खडूने गिरवली आहे. पिक्सेलच्या दाटीत म्हणावा असा फरक नाही: सीआरटीवर इंचाला साधारण १००, इथे १०९. तरी हा फरक. आता माझी मात्रा ६० च्या आसपास असते आणि कित्येकदा शून्य.

यावरून माझं मत झालं ते असं, की रंगात सीआरटी खोटं बोलत नव्हता, पण तो जे दाखवत होता ते फक्त मला दाखवत होता. बघणारे सगळे कधीच सपाट पडद्यांवर गेले होते. मी ज्या पडद्यासाठी फोटो बसवत होते, तो माझ्या टेबलाखेरीज कुठेच उरला नव्हता. सीआरटीवर अडून बसलेले माझ्यासारखे अजून कुणी असतील तर त्यांना ‘रंग चांगले’ हा मुद्दा मी खोडून काढणार नाही. फक्त आपला एक रात्रीचा फोटो दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा म्हणेन.

आता रंगांकडे. एसआरजीबी हे साध्या पडद्यांचं रंगमाप १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलं ते त्या काळच्या सीआरटीच्या फॉस्फरवर (ट्यूबच्या आतल्या चमकणाऱ्या लेपावर) बेतूनच. म्हणजे सीआरटीवर काम करताना रंगव्यवस्थेत कितीही ढिलाई केली तरी चालून जायची, कारण पडदा मुळातच त्या मापाचा. विस्तृत रंगपल्ल्याच्या पॅनेलवर ही माफी नाही. रंगांचं प्रोफाइल न वाचणाऱ्या साध्या व्ह्यूअरमध्ये फोटो उघडला की माणसं उन्हात भाजल्यासारखी लाल आणि गवत रंगपेटीतल्या हिरव्याचं. पहिल्या आठवड्यात मी याच चुकीने दोन फोटोंची रया घालवली. उपाय सोपा: एडिटिंग सॉफ्टवेअरला मॉनिटरचं आयसीसी प्रोफाइल (त्याच्या रंगांची नोंद असलेली फाईल) नीट द्यायचं, आणि फक्त नेटवर टाकायचे फोटो असतील तर मॉनिटरचा एसआरजीबी मोड लावून मोकळं व्हायचं.

पण पल्ल्याचा फायदा खराच आहे. लाल जास्वंदीच्या पाकळीवर ज्या शिरा असतात, त्या सीआरटीवर एका लाल डागात बुडायच्या. मी फोकस चुकला समजून दोन चांगले फोटो बाजूला टाकले होते. रॉ (कॅमेऱ्यातली मूळ, कच्ची) फाईल अ‍ॅडोबी आरजीबीत परत काढली तर शिरा आहेत, पाकळीच्या कडेची सुरकुती आहे, दांड्यावरचे परागकण मोजता येतात. फोकस बरोब्बर होता.

कॅलिब्रेशनबद्दल, म्हणजे मापक लावून पडद्याचे रंग बसवण्याबद्दल, दोन गोष्टी, कारण यात मी तोंडघशी पडले. माझ्याकडचं मापक सीआरटीच्या जमान्यातलं, काचेला चिकटायची रबरी वाटी असलेलं. ती वाटी पॅनेलला अजिबात लावू नका. ही काच नव्हे, वरचा थर नाजूक असतो, आणि ओढून काढताना पिक्सेल दुखावतात. मी ते वायरने वरून लोंबकळत ठेवलं, मॉनिटर जरा मागे कलवून. तरीही आलेला पांढरा रंग गुलाबीसर. ६५०० केल्विन (दिवसाच्या उजेडाचा पांढरा) म्हणून मापक छातीठोकपणे सांगतंय आणि कागद शेजारी धरला तर पडदा लाजल्यासारखा. जुन्या मापकाच्या फिल्टरांना फॉस्फरचा उजेड ओळखीचा, या बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांचा, नाही. एका मित्राकडून नव्या पिढीचं मापक आणलं आणि गुलाबी गेला. तेव्हा मॉनिटरसोबत मापकाचाही विचार करून ठेवा.

दुसरी गोष्ट आकाशाची. पहिल्या कॅलिब्रेशननंतर संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसायला लागले, जिना उतरावा तसे. सीआरटी अ‍ॅनालॉग, त्याला असले जिने फारसे माहीत नव्हते. झालं होतं असं की सगळी दुरुस्ती ग्राफिक्स कार्डावर पडली होती, आणि ८ बिटांच्या २५६ पायऱ्यांतल्या काही त्यात खर्ची पडल्या. मग आधी मॉनिटरच्याच मेन्यूत लाल-हिरवा-निळा हाताने जवळपास आणला आणि उरलेली बारीकशी दुरुस्ती कार्डाकडे ठेवली. पट्टे जवळजवळ गेले. ज्या मॉनिटरांत दुरुस्ती आतच होते, म्हणजे लुक-अप टेबल (दुरुस्तीचा तक्ता) मॉनिटरमध्येच असतं, त्यांना हा त्रास नाही. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी तसाच घेईन.

काय गमावलं? काळा. अंधाऱ्या खोलीत सीआरटीचा काळा म्हणजे जवळपास काहीच नाही. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण हजारास एक, म्हणजे पांढरा १०० कँडेला तर काळा ०.१. दिवा लावलेल्या खोलीत हे कळत नाही, उलट तिथे सीआरटीची काचच राखाडी दिसते. पण रात्री दिवा घालवून बसलं की डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात धुरकट चमक दिसते. डोकं हलवलं की ती पण हलते. आयपीएसची ती जातच आहे, बदलून घेऊन जात नाही. मी मागे भिंतीवर एक मंद दिवा लावला आणि विषय सोडला. उजवी कड मधल्यापेक्षा किंचित पिवळी आहे, तीही राखाडी रंगाने पडदा भरल्यावरच दिसते. पहिले पंधरा दिवस मी रोज राखाडी पडदा लावून त्या कडेकडे टक लावून बसायचे. असलं करू नये.

आकाराचं कौतुक जपून करा. २४ मेगापिक्सेलचा फोटो शंभर टक्क्यांवर उघडला तर सीआरटीवर त्याचा ८ टक्के भाग दिसायचा, इथे १५, आणि डाग काढताना ते खरंच जाणवतं. पट्ट्या-पॅलेट बाजूला ठेवूनही फोटोला जागा उरते. पण उभे फोटो जास्त काढत असाल तर थांबा: जुन्या पडद्याची उंची साडेतीस सेंटिमीटर होती, नव्याची साडेतेहेतीस. एवढा मोठा मॉनिटर आणि उभ्या फोटोला फायदा तीन सेंटिमीटर. स्टँडवर मॉनिटर उभा फिरतो, पण तो फिरवला की आपली मानही फिरवून घ्यावी लागते असं वाटत राहतं. मी दोनदा फिरवला.

बाकी किरकोळ. टेबल मोकळं झालं, त्याची पोक मात्र तशीच राहिली. खोली तापत नाही. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत नाही. चालू केल्यावर अर्धा तास रंग स्थिर होण्याची वाट बघावी लागायची, ती आता दहा-पंधरा मिनिटांवर आली. डीगॉसचं (ट्यूबमधलं चुंबकत्व घालवायचं) बटण दाबल्यावर येणारा तो ‘ठण्ण’ आवाज नाही, त्याची आठवण येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यात नाराज मांजर. तिची उबेची जागा गेली, आणि नव्याच्या वरच्या काठावर तिने एकदा चढून बघितलं तेव्हा मी तो दोन्ही हातांनी धरला म्हणून वाचला.

परवा आठ महिन्यांनी परत माप घेतलं. उजेडाचा आकडा १९ वरून २० वर न्यावा लागला, एवढंच. सीआरटीला दर महिन्याला बसवावं लागायचं.

बादली मी काढली नाही. फोटोची नवी प्रत करायला घेतली, क्लोनचा ब्रश तिच्यावर नेला, आणि लक्षात आलं की कुत्रा तिच्याचकडे कान करून बसलाय. खराटा तेवढा काढला. भाच्याला पाठवला तर म्हणाला, “मावशी, बादली अजून आहे.” म्हटलं, आता दिसते मला.