डाळ मिलचा कारभार : एका हाती की बैठकीत?

आपल्याकडे जानेवारीत तूर निघू लागते. बचत गटांची किंवा शेतकरी उत्पादक कंपनीची डाळ मिल ज्यांच्याकडे नव्याने आली आहे, त्या अध्यक्षांनी त्याआधी ठरवून टाकावं, की मिलवर शब्द कोणाचा चालणार. यवतमाळ जिल्ह्यातल्या अशा दोन मिलचे हिशेब मी लिहिले आहेत. एक अध्यक्षांच्या शब्दावर चालायची, दुसरी बैठकीवर. दोन्हीकडे पंधरा-वीस माणसं, त्यात बहुतेक बाया.

एकहाती कारभार

भाव सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा. पहिल्या मिलचे अध्यक्ष फोनवरच हो-नाही सांगून मोकळे व्हायचे आणि शेतकऱ्याचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, कधी रखडला नाही. याचं मोल मोठं आहे. चुकारा जिथे वेळेवर मिळतो, तिथल्याच काट्यावर शेतकरी पुढच्या वर्षी गाडी आणतो.

पण त्याच मिलवर ग्रेडिंगची चाळणी फाटली आणि आठ दिवस कोणी चकार शब्द काढला नाही. निवडायला बसणाऱ्या मावशींच्या सुपात पहिल्याच दिवशी चुरी जास्त आली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सांगून काय करू बाप्पा? मांगच्या खेपेले बोलली, तं दुसऱ्या दिवशी हजेरीतून नाव गेलं." व्यापाऱ्याने अख्खी गाडी परत धाडली. नवी चाळणी त्या गाडीच्या भाड्याहून स्वस्त होती.

तिथे पाण्याचे माठही दोन होते. कोणी कोणत्या माठातलं प्यायचं हे बोलून दाखवलं जात नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांचा शब्द खाली पडत नव्हता, त्या अध्यक्षांनी एका वाक्यात हे बंद केलं असतं. ते वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नाही. मीही तेव्हा गप्प राहिलो, याची मला आजही लाज वाटते.

बैठकीचा कारभार

दुसऱ्या मिलवर दर सोमवारी मशीन सुरू होण्याआधी अर्धा तास ताडपत्रीवर गोल बसायचं. बोलायला सुरुवात झाडझूड करणाऱ्या बाईपासून, अध्यक्ष ताई सगळ्यांत शेवटी. हा क्रम मोडला की दोन मोठ्या आवाजाची माणसंच बैठक खाऊन टाकतात, हे आम्ही पाहिलं आहे. एप्रिलमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकला असताना बाया पाणी का पीत नाहीत, हे याच ताडपत्रीवर कळलं. संडास नव्हता, म्हणून त्या तहान मारत होत्या. मजुरीचा विषय मागे ठेवून आधी संडास बांधला.

माठांचा विषय इथेही निघाला. त्यावर तीन सोमवार गेले, आवाज चढले, एक बाई कामावर यायची बंद झाली. चौथ्या सोमवारी माठ एक झाला. पुढे अध्यक्ष बदलल्या तरी माठ एकच राहिला.

तोटाही सांगतो. एकदा खरेदीचा भाव ठरवायला तीन दिवस घेतले आणि तेवढ्यात तूर व्यापाऱ्याच्या गोदामात गेली.

सगळ्यांच्या होकाराने कारभार करणं विदर्भाला नवं नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव बहुमत न मोजता सर्वसहमतीने निर्णय घेतं. याच गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे देवाजी तोफा यांच्यासारखं खंबीर नेतृत्वही आहे, तेव्हा सर्वसहमती म्हणजे पुढारीच नको असं समजू नका. मात्र जंगलाच्या निर्णयाला महिनाभर थांबता येतं, तुरीच्या भावाला नाही.

कायदा कुठपर्यंत पुरतो

उत्पादक कंपनीत सभासद व्यक्ती असतील तर शेअर कितीही असोत, प्रत्येकाला मत एकच. पण निवडायला बसणाऱ्या बऱ्याच बाया भूमिहीन आहेत, त्या सभासदच नाहीत. हे एक मत त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून मला सोमवारची बैठक इतकी महत्त्वाची वाटते.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मात्र दोन्ही पद्धतींना सारखाच लागू आहे. १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. एकहाती मिलवर भिंतीवर समितीचा फलक होता, त्यावर नावं नव्हती.

मी काय निवडीन

भाव, खरेदी आणि गाडी एकाच्या हाती द्यावी. कितीपर्यंत खरेदी करायची, ती मर्यादा मात्र संचालकांनी आधी लिहून द्यावी. हजेरी, मजुरी, सुट्टी आणि कामावरून काढणं बैठकीत यावं. यातल्या शेवटच्या गोष्टीवर अजिबात तडजोड करू नका. काढून टाकण्याचा अधिकार एकट्याकडे राहिला, तर ताडपत्रीवर बसूनही मावशी चाळणीबद्दल बोलणार नाहीत.

जानेवारीपर्यंत सगळं जमत नसेल तर निदान पहिल्या सोमवारी ताडपत्री टाका. कोणाचं नाव हजेरीतून गेलं आणि का, ते सगळ्यांसमोर वाचून दाखवा, आणि मग झाडझूड करणाऱ्या बाईला विचारा, "ताई, मिलवर काय बिघडलं आहे?"