कोथरूडचा आमचा योगवर्ग : शनिवार चुकवू नका

मानदुखीसाठी या सकाळच्या वर्गाला जायला लागले. बँकेतलं काम, दिवसभर मान खाली. दुखणं पुष्कळ कमी झालं. पण हा वर्ग मी सगळ्यांना सुचवते तो शनिवारच्या अर्ध्या तासासाठी. त्या दिवशी आमच्या शिकवणाऱ्या ताई आसनं लवकर आटपून योगामागचा विचार समजावणाऱ्या पाठाला बसवतात.

'योग म्हणजे जोडणं, एकरूप होणं' हे सगळीकडे ऐकायला मिळतं. एका शनिवारी ताईंनी फळ्यावर धातुपाठातले, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या जुन्या यादीतले, दोन धातू लिहिले. रुधादि गणातला 'युजिर् योगे', म्हणजे जोडणे. आणि दिवादि गणातला 'युज समाधौ', म्हणजे चित्त एकाग्र होणे. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या पहिल्याच सूत्रावर व्यासभाष्य ही जुनी टीका सांगते, 'योगः समाधिः' (योग म्हणजे समाधी). तिथे दुसरा धातू घ्यायचा, असा त्या भाष्यावर टीका लिहिणाऱ्या वाचस्पती मिश्रांचा निर्वाळा आहे. ते पटतंही, कारण पातंजल मतात पुरुष (म्हणजे शुद्ध चैतन्य) प्रकृतीपासून (मन-शरीरासह सगळ्या जडसृष्टीपासून) सुटा होतो, कशात मिसळत नाही. जीवात्मा-परमात्म्याचा संयोग तो योग, ही व्याख्या 'योगयाज्ञवल्क्य' या वेगळ्या ग्रंथाची. दोन्ही परंपरा थोर आहेत, पण त्यांची सरमिसळ करू नये, हे इतक्या स्पष्टपणे मला दुसऱ्या कुठल्याच वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

जोडण्याच्याच 'युज्'पासून 'युग' आणि त्यावरून आपलं बैलांच्या मानेवरचं जू. माझं माहेर शेतकऱ्याचं, त्यामुळे हे ऐकून अंगावर काटा आला. तेव्हापासून ताडासनात ताई "दोन्ही टाचांवर सारखा भार!" म्हणाल्या की मला आमची बैलजोडी दिसते. एक बैल मागे राहिला की नांगर तिरका जातो.

वर्गाची पद्धत योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांची. गुरुजी १९३७ साली पुण्यात आले, १९७५ मध्ये शिवाजीनगरची संस्था उभी राहिली, आणि आज गल्लोगल्ली लाकडी विटा, पट्टे नि भिंतीतल्या कड्यांचे दोर दिसतात. इथेही ते सगळं आहे. त्रिकोणासनात हात जमिनीला टेकत नसेल तर ताई न बोलता वीट सरकवतात. कुणाला घाई करत नाहीत.

सातची बॅच मात्र फार गच्च असते, हात पसरले की शेजारणीला लागतात. सहाची घ्या. गाडी लावायला जागा नाही. ब्लँकेट घरून न्या, तिथली वेळेवर धुतलेली नसतात. हे मी ताईंनाही सांगितलंय.

गुडघ्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, त्या खुर्चीवरची आसनं वेगळी बसवून देतात.