कुत्र्या-मांजरांच्या फोटोंवरून स्कार्फ: छपाई चोख, मांडणीत घाई

पुण्यात स्कार्फ म्हणजे आधी गाडीवर तोंडाला गुंडाळायची वस्तू, मग मिरवायची. म्हणून घरच्या कुत्र्या-मांजराच्या फोटोंवरून स्कार्फ करून देणाऱ्या इथल्या एका छोट्या स्टुडिओचं काम दोन्ही कसोट्यांवर पाहिलं: 90 बाय 90 सेंटीमीटरचा सिल्क ट्विलचा (तिरक्या विणीच्या रेशमाचा) चौकोन आणि 70 बाय 200 चा मोडालचा (लाकडाच्या लगद्यापासूनच्या मऊ धाग्याचा) स्टोल. छपाईत नाव ठेवायला जागा नाही. नमुन्याच्या मांडणीत मात्र घाई दिसते, आणि स्कार्फ जमतो किंवा फसतो तो तिथेच.

स्टुडिओ पाच-सहा फोटो मागतो, पण कसले हवेत ते धड सांगत नाही. प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढलेले द्या. फ्लॅशने डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि बुबुळ नंतर हाताने रंगवावं लागतं. अंगाची मुटकुळी करून झोपलेलं मांजर वरून टिपलं असेल तर उत्तमच, कारण तो बंद गोल आकार नमुन्यात कुठेही बसतो. पोर्ट्रेट मोड नको, तो मिशा आणि कानांवरची लव खाऊन टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर फोटो आकसतो. कापडावर 150 डीपीआय (इंचाला 150 ठिपके) धरलं तर 8 सेंटीमीटरच्या चेहऱ्याला साधारण 470 पिक्सेल पुरतात. तोच चेहरा 60 सेंटीमीटरचा हवा असेल तर साडेतीन हजारांच्या वर लागतात, आणि फोटोत नुसता चेहरा तेवढा मोठा क्वचितच असतो.

पार्श्वभूमी काढण्याचं काम इथे मन लावून केलंय. स्टोलवरच्या बोक्याच्या मिशा एकेक करून पुन्हा काढल्यात, लवेच्या कडेला पांढरी किनार राहिलेली नाही.

आता मांडणी. स्टोल गळ्यात घातला की त्याच्या घड्यांतून जेमतेम 10-12 सेंटीमीटरची पट्टी दिसते. 25 सेंटीमीटरचा लॅब्राडोर छापला तर लोकांना एक कान आणि अर्धं नाक दिसणार. चेहरे 6 ते 8 सेंटीमीटरचे, मधल्या जागेत 2-3 सेंटीमीटरचे पंजे, शेपट्या, चेंडू हे प्रमाण बरं पडतं. स्टुडिओने स्टोलवर 18 सेंटीमीटरचे चेहरे घेतले, तेही सगळे एकाच दिशेने. परिणाम असा की गळ्यात घातल्यावर एक टोक सुलट आणि दुसऱ्या टोकाची सगळी मांजरं शीर्षासनात! चेहरे वेगवेगळ्या कोनांत फिरवून टाकायला सांगा. पुढची ओळ अर्ध्याने सरकलेली हवी, ठिपक्यांच्या रांगोळीत दोन ठिपक्यांच्या मध्ये खालचा ठिपका येतो तशी. मंजुरी देण्याआधी नमुन्याचा एकच तुकडा, म्हणजे कापडभर पुन्हापुन्हा छापला जाणारा भाग, पाहून ‘छान’ म्हणू नका. तीन बाय तीन जोडलेली प्रतिमा मागा आणि फोन हातभर लांब धरा. गडद कुत्रा प्रत्येक तुकड्यात त्याच जागी येत असेल तर कापडभर तिरके पट्टे उमटतात, आणि ते जवळून कळत नाहीत.

रंगांत मोठी गोम पांढऱ्याची. अशा छपाईत सहसा पांढरी शाई नसते, पांढरं म्हणजे कोरं कापड. मोडाल किंचित मोतिया असेल तर पांढरी मांजरही मोतियाच होणार. तिच्यामागे शेवाळी किंवा आमसुली जमीन, म्हणजे मागचा रंग, घ्या. काळ्या कुत्र्याच्या फोटोतल्या सावल्या आधी उजळून घ्यायला हव्यात, नाहीतर डोळ्यांसकट सगळा एक डाग. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी कापडावर तसा येत नाही, त्यावर वाद घालून उपयोग नाही.

म्हणून 20 बाय 20 सेंटीमीटरचा छापील तुकडा आधी मागाच. त्याचे पैसे वेगळे की बिलात, तेही विचारा. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहा. रंग लागला तर छपाईनंतर रंग पक्का करायला करतात ते वाफवणं किंवा नंतरची धुलाई कमी पडलीय.

कापड निवडताना शिफॉनच्या मोहात पडू नका, जाळीदार विणीत डोळे पुसट होतात. ट्विल रेषा नीट धरतं, पण हेल्मेटखाली घसरतं. गाडीसाठी मोडालच. त्याची उलटी बाजू फिकट असते आणि गुंडाळताना ती दिसतेच, हे धरून चाला. मगवर फोटो छापणारी दुकानं ‘सॅटिन स्कार्फ’ लगेच देतात. ती उष्णतेने केलेली सब्लिमेशन छपाई असल्याने कापड पॉलिएस्टरच असतं. रंग भडक येतात, पण एप्रिल-मेच्या घामात ते गळ्याशी नको होतं.

शेवटी कड. चौकोनाला कडेपासून 1 सेंटीमीटरवर बारीक रेघेची चौकट दिली होती. वाफवताना-धुताना रेशीम जरासं तिरकं ओढलं जातं, त्यात दुमडीत प्रत्येक बाजूचे 5-6 मिलिमीटर जातात. रेघ एका कोपऱ्यात कडेला चिकटली आणि समोरच्यात लांब राहिली. चौकट हवीच असेल तर 3 सेंटीमीटर आत आणि जाड घ्या. स्टोलची मशीनची कड लाटेसारखी फुगलीय. त्यापेक्षा कापड न शिवता घ्या आणि पिको-फॉलवाल्याकडून जमिनीच्या रंगाच्या दोऱ्याने पिको करून घ्या.