०-२५ चं मायक्रोमीटर घेतलं, रॅचेट भारी पण २० ची रेघ फसवते

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ नि एक ड्रिल. जुनं मायक्रोमीटर हातातून पडून वाकलं म्हणून ऑनलाईन ११०० रुपयांना हे जाडी मोजायचं नवं मायक्रोमीटर मागवलं, ०-२५ एमएम, लीस्ट काउंट (सगळ्यात बारीक मोजता येणारं माप) ०.०१ एमएम. कंपनीचं नाव नाही लिहीत.

रॅचेट (टोकाची फिरवायची खुंटी) मस्त आहे, तीनदा टिक टिक झालं की थांबायचं, कुणीही मोजलं तरी दाब सारखाच. झिरो दोन रेघा पुढे होता, पण सोबत चावी येते, स्लीव्ह (आतली नळी, जिच्यावर दर अर्ध्या एमएमला रेघ असते) फिरवून पाच मिनिटांत जुळवला.

आता मेन लोचा. ६२०४ नंबरच्या बेअरिंगसाठी शाफ्ट टर्न करत होतो, म्हणजे शाफ्ट २० एमएम जाडीचा. भाचा नुकताच आयटीआय करून आलाय, त्याने मोजलं, थिंबल (स्लीव्हवर फिरणारी बाहेरची नळी) ४९ वर आणि स्लीव्हवर २० ची रेघ दिसतेय म्हणून पठ्ठ्याने २०.४९ धरलं आणि सरळ अर्धा एमएम उडवला. बेअरिंग घातलं तर खुळखुळा! आधी त्यालाच झापला, मग स्वतः हातात घेऊन बघितलं तेव्हा कळलं की चूक त्याची अर्धीच आहे.

कसंय, थिंबलची एक फेरी म्हणजे अर्धा एमएम आणि त्यावर ५० भाग, म्हणून एक भाग ०.०१. थिंबल ४९ वर आहे म्हणजे फेरी पुरी व्हायला एक भाग बाकी, २० अजून झालेच नाहीत, म्हणजे १९.५ अधिक ०.४९, झाले १९.९९. शाफ्ट ओके होता हो! पण या पीसमध्ये थिंबलची कड जरा मागे बसलीय त्यामुळे पुढची रेघ वेळेआधीच डोकावते. तुमचंही चेक करा, तोंड पूर्ण बंद केल्यावर शून्याची रेघ कडेला चिकटून पाहिजे, माझ्यात रेघ आणि कड यांच्यामध्ये चक्क फट दिसते. आणि ही फट चावीने स्लीव्ह फिरवून जात नाही, झिरो तेवढा जुळतो. शेजारच्या शॉपमधलं जुनं मिटुटोयो कंपनीचं मायक्रोमीटर आणून बाजूला ठेवलं, त्यात रेघ बरोब्बर कडेला.

फ्रेमला प्लॅस्टिकचं कव्हरही नाहीये, हाताची गरमी थेट लागते. तसं गरम जॉब मोजणं हीसुद्धा आपलीच चूक असते म्हणा, २० चा स्टीलचा शाफ्ट ४० डिग्रीने जास्त तापलेला असला तर जवळजवळ एक रेघ जाड दाखवतो, पण घाईत कोण थांबतं.

रिटर्नची मुदत तोवर संपलेली. आता थिंबल ४५ च्या पुढे दिसलं की आधी व्हर्नियर (सरकत्या जबड्याची मोजपट्टी) लावून १९ का २० ते बघायचं असं भाच्याला सांगून ठेवलंय. तीन स्टार, त्यातले दोन रॅचेटचे. शाफ्ट वेल्डिंगने भरून परत टर्न करावा लागला, त्याचे पैसे मात्र खिशातून गेले.