मँडरिन मासा "पेलेट खातो" म्हणून विकतायत, सावध राहा

रीफ टँकमध्ये (प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) मँडरिन ठेवायचा विचार असेल तर आधी हे वाचा. मला "जोडी आहे, टँकमध्येच जन्मलेली, पेलेट (तयार दाणेदार खाणं) मस्त खाते" असं सांगून दोन मासे गळ्यात मारले.

विकणाऱ्याने व्हिडिओ पाठवलेला, त्यात मासा खरंच पेलेट उचलताना दिसतो. पण पार्सल आल्यावर गालावरच्या निळ्या पट्ट्या ताडून बघितल्या तर जुळेचनात, व्हिडिओतला मासा वेगळाच होता. आलेल्या दोघांचीही पोटं खपाटीला गेलेली, वरून बघितलं तर डोकं रुंद आणि मागे अंग एकदम चिंचोळं. आणि जोडी कसली, दोघांच्याही पाठीवरचा पुढचा काटा लांबच लांब, म्हणजे दोन्ही नर, मादीचा आखूड असतो. दोन नर एका टँकमध्ये भांडतात, तेच झालं, एकाचा पर फाटला.

विचारलं तर म्हणे "अहो लाजरा मासा आहे, लपूनच राहतो, खाताना दिसणार नाही, त्याला त्रास देऊ नका". खरी मेख इथेच आहे. मँडरिन लपतो हे खोटं नाही, पश्चिम पॅसिफिकमध्ये जपानच्या र्युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवाळाच्या तुटक्या फांद्यांमध्ये दडून राहणारा जेमतेम 6-7 सेंटीमीटरचा जीव तो, जोडी जमवायला सूर्य मावळताना बाहेर येतो. पण दिवसभर तो खडकावरचे कोपेपॉड (पॉड्स, म्हणजे अगदी बारीक जलजीव) एकेक करून टिपतच असतो, आणि समुद्रातून पकडलेला असेल तर बहुतेकदा पेलेटकडे ढुंकून बघत नाही. टँकमधले पॉड्स संपले की उपाशी मरतो. लाजरेपणाच्या नावाखाली हे लोक उपासमार झाकतात याचा मला भयंकर राग येतो.

फाटक्या पराचा गेला, तेव्हाही त्याचा निळा-केशरी रंग तसाच झगझगीत होता, त्यामुळे नुसत्या रंगावर अजिबात जाऊ नका. दुसरा पॉड्स वाढवून घालतोय त्यावर तगलाय. पैसे परत मागितले तर "जिवंत पोचला होता ना" म्हणून मला ब्लॉक केलं.

टँकमध्ये पैदास झालेले मँडरिन खरंच मिळतात, त्यातले बरेच तयार खाणं खातात, म्हणूनच ही थाप खपते. पैसे द्यायच्या आधी तुम्हाला मिळणाऱ्याच माशाचा न कापलेला व्हिडिओ मागा, गाल जवळून, पोट वरून आणि बाजूने, पेलेट पडतंय तिथपासून ते गिळेपर्यंत, टाळाटाळ केली तर घेऊच नका.