बाराशे रुपयांत बारा चित्रपट: लातुरातील एका चित्रपट मंडळाचे परीक्षण

लातूरच्या ट्यूशन एरियात रविवारी संध्याकाळी पाच वाजता जिन्यातून चालणे अवघड असते, कारण चाचणी देऊन उतरणारी आणि पुढच्या तासिकेला चढणारी मुले एकाच वेळी जिन्यात असतात. अशाच एका शिकवणीच्या इमारतीच्या तळमजल्यावरील वर्गात एक चित्रपट मंडळ महिन्यातून दोनदा चित्रपट दाखवते आणि त्यानंतर तासभर चर्चा घेते. सहा महिन्यांत बारा चित्रपट, वर्गणी बाराशे रुपये, विद्यार्थ्यांना निम्मी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझी आणि माझ्या सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, अशी दोघींची वर्गणी मी भरली होती. सत्र संपले असून पुढच्या सत्राची नोंदणी चालू आहे. ती करावी की करू नये, असे काही ओळखीच्यांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मंडळाच्या पत्रकावर ‘चित्रपट हा समाजाचा आरसा’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. हे वाक्य निबंधाच्या वह्यांत मी इतक्या वेळा तपासले आहे की ते दिसताच हात लाल पेनाकडे जातो. आरशासमोर जो उभा राहतो तोच आरशात दिसतो. चित्रपटाचे तसे नसते, तिथे कोणाला उभे करायचे हे दुसरेच कोणी ठरवते आणि बघणारा आपापल्या घरचे काहीतरी त्यात पाहून उठतो. सुदैवाने मंडळाचे प्रत्यक्ष काम पत्रकापेक्षा बरेच चांगले आहे.

आधी सोयींविषयी. सत्तर खुर्च्या आहेत, त्याही लिहिण्यासाठी फळी जोडलेल्या, त्यामुळे जाड माणसाला आत शिरताना आणि म्हाताऱ्या माणसाला बाहेर निघताना त्रास होतो. फळ्यावरच पडदा सोडतात. पडद्याच्या उजव्या कडेला सकाळच्या तासिकेतले बेंझिनचे षट्कोन बऱ्याचदा तसेच राहिलेले असतात. वीज गेल्यास इन्व्हर्टर आहे. मध्यंतरात चहा आणि सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, मिळते. सुशीलेत शेंगदाणे हात राखून टाकलेले नसतात, हे नमूद केले पाहिजे. स्वच्छतागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि ही मोठी गैरसोय आहे. सर्वांत गंभीर दोष मात्र आवाजाचा आहे, आणि तो कोणत्या क्षणी आडवा आला ते सांगितल्याशिवाय समजणार नाही.

‘सैराट’चा शेवट ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवत असेल की दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी तिथे आवाजच काढून घेतला आहे, लहान मूल घरात येते, रडते आणि रक्ताची पावले उमटवत बाहेर पडते, पण ऐकू काहीच येत नाही. नेमक्या त्या शांततेत वरच्या मजल्यावरून माईकवर स्पष्ट शब्द आले, “याच्यावर प्रश्न येणारच आहे, लिहून घ्या.” कोणी हसले नाही. माझ्या पुढच्या रांगेत मुलीला भेटायला अहमदपूरकडून आलेले एक वडील बसले होते. त्यांनी फक्त मान वर करून छताकडे पाहिले.

हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. नळाला पाणी नसलेल्या त्या उन्हाळ्यातही चित्रपटगृहे भरत होती आणि लग्नाच्या वरातीत पाण्याच्या टँकरला वाट देऊन मंडळी पुन्हा ‘झिंगाट’वर नाचत होती, हे मी स्वतः पाहिले आहे. चर्चेत त्या वडिलांनी सांगितले की तेव्हा त्यांनी घरातल्या मुलींना हा चित्रपट पाहू दिला नव्हता, कारण “पोरी बिघडतील” असे गावात सगळेच म्हणत होते. मग ते थोडे थांबले आणि म्हणाले, “आज बघितला, तर ह्यात बिघडलेले मोठे लोकच हायत.” चित्रपटाची नायिका आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, वर्गात उठून बोलते, त्यानंतर आमच्या भागात मुलीने दुचाकी शिकण्याला घरून होणारा विरोध काहीसा मवाळ झाला, असे मला माझ्या शाळेपुरते तरी वाटते. त्याच चित्रपटाने काही घरांत मुलीच्या मोबाइलवर पहाराही बसवला. एकाच कथेने या दोन्ही गोष्टी केल्या, यावर खरे तर पूर्ण तास द्यायला हवा होता. परंतु चर्चा चालवणारे गृहस्थ, जे पुण्यात चित्रपटाचे शिक्षण घेऊन आले आहेत, त्यांनी गाडी कॅमेऱ्याच्या कोनांकडे वळवली आणि त्या वडिलांना पुढे बोलायला मिळाले नाही. मंडळाविषयीची माझी मुख्य तक्रार हीच आहे, आणि ती एका रविवारपुरती नाही.

आता मंडळाची जी जमेची बाजू आहे तिच्याकडे येते. चित्रपटांचा क्रम लावताना कोणीतरी विचार केलेला दिसतो. प्रभात कंपनीचा १९३७ सालचा ‘कुंकू’ आणि १९९१ सालचा ‘माहेरची साडी’ हे त्यांनी लागोपाठ दाखवले. पहिल्यातील नीराचे लग्न तिचा मामा एका वयस्कर विधुराशी लावून देतो आणि ती त्याला नवरा म्हणून स्वीकारायला ठामपणे नकार देते. दुसऱ्यातील सून सगळा छळ मुकाट्याने सोसते. मध्ये चौपन्न वर्षे गेली आहेत. देश स्वतंत्र झाला, मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला, मुली शिकल्या, नोकरीला लागल्या आणि पडद्यावरची बाई मात्र नकारापासून सोसण्यापर्यंत उलटी चालत आली. काळ पुढे जातो तसा चित्रपटही पुढे जातो, ही समजूत त्या दोन रविवारांत कोणीही भाषण न देता मोडली.

‘कुंकू’नंतरची चर्चा मला विशेष लक्षात राहिली. वसतिगृहात राहणारी, बारावीची एक मुलगी उठून म्हणाली, “नीराला मामानं फसवलं, म्हणून तिला चिडता आलं. वडिलांनीच हात जोडले असते, तर?” वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मी पूर्वी बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात आठ वर्षे होते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी चित्रपटापुरता नव्हता. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की माझ्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढत. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, आणि पूर्ण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे मुलगा कमावता करायचा तर त्याचे लग्न आधी उरकावे लागते, आणि सहा महिने बाहेर राहणाऱ्या आईबापांना वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची हा घोर असतो. सातवीतली एक मुलगी एका वर्षी अशीच गेली आणि पुढच्या वर्षी भेटली ती कपाळाला कुंकू लावून. तिच्या वडिलांनी कोणाला फसवले नव्हते. ते शाळेत येऊन माझ्यासमोर रडले होते. हे मी चर्चेत सांगितले, आणि त्या संध्याकाळी गृहस्थांनी, त्यांच्या श्रेयासाठी सांगते, कॅमेऱ्याचा विषय काढला नाही.

‘माहेरची साडी’च्या वेळी आत्याबाई पहिल्या अर्ध्या तासातच डोळ्यांना पदर लावून बसल्या. मागे बसलेल्या मुली मात्र सासूच्या प्रत्येक कारस्थानाला खुदुखुदु हसत होत्या. मला संकोच वाटला आणि मी वळून त्यांना दटावणार होते, तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, “हसूलाल्यात तर हसू द्या की.” चर्चेच्या वेळी एका प्राध्यापकांनी हा चित्रपट बाईच्या सोशिकपणाचे उदात्तीकरण करतो, असे मुद्देसूद मांडले, आणि त्यात खोटे काही नव्हते, माझ्या माहेरी ह्या चित्रपटाचा दाखला देऊन सुनांना गप्प बसवलेले मी ऐकले आहे. त्यानंतर आत्याबाई बसल्या जागेवरून बोलल्या. त्या वर्षी गावातल्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून हा चित्रपट पाहायला गेल्या होत्या, डबे बांधून, जसे जत्रेला जावे तसे. “आम्ही रडायलाच गेलो होतो,” त्या म्हणाल्या. “घरी रडलं तर काय झालं म्हणून इचारायचे. तिथं कुणी इचारत नव्हतं.” मी या बाईंबरोबर बावीस वर्षे एका घरात राहते. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

निवडीविषयी एक गंभीर आक्षेप आहे. मंडळ मराठवाड्यात असूनही बारांपैकी एकच चित्रपट मराठवाड्याच्या मातीतला होता, तो म्हणजे बाबा भांड यांच्या कादंबरीवर आधारलेला, पैठणचा घाट दाखवणारा ‘दशक्रिया’. गोदावरीच्या पात्रातील राख चाळून त्यातून पैसे शोधणारा मुलगा त्यात आहे, आणि मरण हा कोणाकोणाचा चरितार्थ असतो याचा हिशेब आहे. २०१७ मध्ये प्रदर्शनाआधी त्याला विरोध झाला होता, प्रकरण न्यायालयात गेले होते आणि बंदीची मागणी फेटाळली गेली होती. पैठणचे एक सभासद त्या संध्याकाळी मुद्दाम आले होते. विरोध करणारे आणि चित्रपट आवडणारे एकाच गल्लीत कसे राहत होते, हे त्यांनी नावे न घेता फार मार्मिकपणे सांगितले. असे आणखी दोन-तीन चित्रपट शोधायला हवे होते. एरवी पडद्यावर आमचा भाग दिसतो तो भेगाळलेल्या जमिनीच्या रूपात, नाहीतर विनोदी पात्राच्या तोंडी. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाडी बोली सगळ्या महाराष्ट्राच्या कानावर घातली हे त्यांचे ऋण आम्हांला मान्य आहे. पण वक्तृत्व स्पर्धेसाठी बाहेरच्या जिल्ह्यात गेलेल्या माझ्या विद्यार्थ्याने तोंड उघडताच समोरचे हसायच्या तयारीत बसतात, तेव्हा ह्या ओळखीची दुसरी बाजूही दिसते. दोष त्या नटाचा नाही. त्याच बोलीत प्रेम करणारा, हुशार, रागावलेला किंवा नुसता गंभीर माणूस पुरेशा वेळा दाखवलाच गेला नाही.

‘फँड्री’चा रविवार सर्वांत चांगला झाला. डुक्कर पकडण्यासाठी जब्या या शाळकरी मुलाचे सगळे कुटुंब धावत असते, इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सारे आहेत तिथे ताठ उभे राहतात. डुक्कर मात्र निघून जाते. हे दृश्य आले तेव्हा आमच्या वर्गात तिसऱ्या रांगेतली दोन मुले अर्धवट उठली, आजूबाजूला पाहिले, आणि बसावे की उभे राहावे हे न कळून खुर्चीच्या फळीवर हात टेकून तशीच वाकून राहिली. चित्रपटगृहात सुरुवातीला राष्ट्रगीत वाजवण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१६ रोजी केली आणि जानेवारी २०१८ मध्ये ती ऐच्छिक केली. कथेचा भाग म्हणून राष्ट्रगीत आले तर उभे राहण्याची गरज नाही, हेही न्यायालयाने मधल्या काळात स्पष्ट केले होते. ही माहिती नंतर एका वकील सभासदांनी दिली. पण त्या दोन मुलांची वाकलेली पाठ आणि पडद्यावर धाप लागलेली, तरीही ताठ उभी राहिलेली माणसे एकाच वेळी दिसणे, हे घरी मोबाइलवर तोच चित्रपट पाहून मिळणारे नाही. बाराशेतले निदान तीनशे रुपये मी त्या एका मिनिटाचे धरते.

याच्या अगदी उलट अनुभव शेवटून दुसऱ्या रविवारी आला. ऐतिहासिक चित्रपटांविषयी बोलणे चालले असताना एका विद्यार्थ्याने ‘छावा’चा विषय काढला. २०२५ च्या फेब्रुवारीत तो चित्रपट आला आणि मार्चमध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यभर वातावरण तापले, कबरीभोवती बंदोबस्त वाढवावा लागला. तेव्हा चित्रपटातून इतिहास कळतो की राग कळतो, असा त्याचा सरळ प्रश्न होता. खुलताबाद आमच्याच विभागात आहे, प्रश्न विचारणारा मुलगा संभाजीनगरचा होता, आणि संभाजी महाराजांविषयी त्याच्या मनात किती आदर आहे हे त्याच्या बोलण्यातून कळत होते. गृहस्थांनी घड्याळाकडे पाहून वेळ संपल्याचे जाहीर केले. अजून वीस मिनिटे शिल्लक होती. वाद होईल ही भीती मी समजू शकते, जागा दुसऱ्याची आहे हेही मला कळते; पण ‘चित्रपट हा समाजाचा आरसा’ असे ज्या मंडळाने पत्रकावर छापले आहे त्याने ह्याच प्रश्नाला चहाच्या कपांकडे पाठवावे, हे पटले नाही. तो मुलगा शेवटच्या रविवारी आला नाही.

ज्यांना नवे चित्रपट हवे आहेत त्यांनी इथे जाऊ नये. निर्मात्यांची परवानगी घेऊनच दाखवत असल्यामुळे ताजे काही मिळत नाही. लहान मुलांना नेण्यासारखी ही जागा नाही. ज्यांना चित्रपट संपल्यावर लगेच उठायचे असते त्यांचे निम्मे पैसे वाया जातील, कारण खरा माल चर्चेत आहे, आणि तो समोर उभे राहून बोलणाऱ्यांपेक्षा खुर्चीत बसलेल्यांकडे अधिक आहे.

आवाजाची, स्वच्छतागृहाची आणि त्या वीस मिनिटांची तक्रार मी लेखी दिली आहे. रविवारच्या त्या वेळेत वरच्या मजल्यावर माईक बंद ठेवण्याचे आश्वासन मिळाले. बाकीच्या दोन्हींवर अजून उत्तर नाही. पुढच्या सत्राची वर्गणी मी सध्या एकटीचीच भरणार होते, पण आत्याबाईंनी पेन्शनमधून काढलेले बाराशे रुपये काल माझ्या पर्सजवळ आणून ठेवले आणि फळी नसलेली एक खुर्ची मिळेल का ते विचारायला सांगितले आहे.